पेठ वसविणारा राजा : राजर्षी शाहू छत्रपती



यंदाच्या स्मरणिकेसाठी गावाचा धंदा-व्यापार कसा वाढीस लागेल या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा मी क्षणभर गांगरलो. माझे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेले. माझे स्वतःचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. दुकान मी कधी मांडले नाही आणि हिशेबाची वही पाहिली ती शाळेच्या सादिलवारीची तेवढीच. तथापि थोर पुरुषांची चरित्रे सांगणे हा मास्तरकीचा एक भागच होय. आणि एखादे गाव कसे सावरले, कसे वाढले हे समजून घेण्यास ज्याने ते वाढविले त्याच्या चरित्रासारखे दुसरे साधन नाही, असे माझे नम्र मत आहे. म्हणून कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांचे चरित्र येथे सांगतो. आरक्षणाचे प्रवर्तक आणि वसतिगृहांचे आश्रयदाते म्हणून ते आपणा सर्वांस ठाऊक आहेत. परंतु एका शहराची पेठ, गिरणी आणि पाणी यांचा पाया घालणारा राजा म्हणून त्यांची ओळख आपल्या उत्तर कोकणात त्या मानाने कमीच आहे.

डहाणूच्या माणसाने कोल्हापुराकडे का पाहावे, अशी शंका कोणी घेईल. दोन्ही ठिकाणी निसर्ग निराळा, माणसे निराळी. परंतु एक साम्य आहे. आपले जुने डहाणू खाडीच्या काठी, किल्ल्याच्या आश्रयाने वसलेले. 1864 च्या सुमारास मुंबईहून गुजराथकडे जाणारी रेल्वे सुरू झाली, स्टेशन मूळ गावापासून दूर पडले आणि हळूहळू पेठ स्टेशनाकडे सरकली. डहाणू गाव आणि डहाणू रोड ही दोन नावे त्यामुळेच रूढ झाली, आणि आमची मसोली त्यांच्या शेजारी बसून हे सारे पाहत राहिली. आपल्याकडे पेठ आपोआप सरकली. ती कोणी आखली नाही. कोल्हापुरातही रेल्वे आली, पण तेथे ती आली त्या सुमारास गादीवर बसावयास निघालेला एक तरुण तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहत होता. त्याची ही कथा.

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागल जहागिरीचे अधिपती. आई राधाबाई या मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. मुलगा अवघा तीन वर्षांचा असताना आईचे छत्र हरपले. 1883 च्या डिसेंबरात कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज अहमदनगर येथे इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना मरण पावले आणि गादी रिकामी झाली. त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी जन्मदातेही गेले. आई नाही, वडील नाहीत, गादी आहे पण सत्ता रीजन्सी कौन्सिलच्या हाती, अशा स्थितीत हा मुलगा वाढला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात काही वर्षे आणि पुढे धारवाडास फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. 1891 साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला, आणि 2 एप्रिल 1894 रोजी, विसावे वर्ष पुरे होण्याच्या आत, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

त्या वेळचे कोल्हापूर म्हणजे अंबाबाईच्या देवळाभोवती दाटीवाटीने वसलेले जुने गाव. संस्थान मोठे, जमीन काळी, पाऊस भरपूर. तरी शेतकरी कर्जात आणि कारभार मूठभरांच्या हाती. महाराजांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा सामान्य प्रशासनातील 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. हा आकडा मी कोणाची निंदा करण्यासाठी देत नाही. विद्या ज्यांच्या घरी होती त्यांच्याकडे कारभार गेला, इतकाच त्याचा अर्थ. पण ज्या राज्यात शेत नांगरणाऱ्या, कातडे कमावणाऱ्या, सूत विणणाऱ्या माणसास कचेरीत आपले गाऱ्हाणे समजून घेणारा आपल्यातला एकही माणूस भेटत नाही, तेथे उद्योगाची वाढ कशी होणार? हा प्रश्न महाराजांस प्रथमपासून पडला होता असे त्यांच्या पुढील कृतींवरून दिसते.

मिरज ते कोल्हापूर या रेल्वेची पहिली कुदळ 1888 साली बाल शाहू महाराजांच्याच हस्ते पडली होती, आणि 1891 साली गाडी धावू लागली. गादीवर येताच, म्हणजे 1895 साली, त्यांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी ही नवी व्यापारपेठ वसविली. जुन्या गावात व्यापाऱ्यांस गोदामास जागा नव्हती आणि गाड्या वळविण्यासही नव्हती. नव्या पेठेत सरळ गल्ल्या आखल्या गेल्या, व्यापाऱ्यांस सवलतीने जागा देऊन बोलावून घेण्यात आले. शेतकऱ्याने गूळ बैलगाडीतून आणावा, पेठेत त्याचा सौदा व्हावा आणि तेथूनच तो रेल्वेत चढावा, अशी ही सोय. कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले ते या पेठेमुळे. पुढे गुळाचा व्यवहार मार्केट यार्डात गेला, आणि 2014 साली त्या गुळास भौगोलिक मानांकनही मिळाले; जसे आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूस 2016 साली मिळाले. आपल्या चिकूस नाव आहे, पण चिकू उतरविणाऱ्या बागाईतदारास त्याचा सौदा आपल्या दारी करता येतो की दूरच्या बाजारात दलालाच्या वजनावर विसंबावे लागते, हे वाचकांनी आपापल्या अनुभवाने ठरवावे.

पेठ वसून वर्ष-दोन वर्षे झाली नाहीत तोच 1896-97 चा दुष्काळ आला, आणि त्यामागोमाग प्लेग. महाराजांचे वय बावीस-तेवीस. त्यांनी स्वतः दुष्काळी भागात दौरे काढले. धान्य बाहेरून आणवून स्वस्त दराच्या दुकानांतून विकले, शेतकऱ्यांस तगाई दिली, रस्ते-तलाव-विहिरींची कामे काढली, जनावरांस चारा मिळावा म्हणून जंगले खुली केली. एक गोष्ट मला विशेष वाटते. कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांची सोय व्हावी म्हणून त्यांनी कामांच्या ठिकाणी शिशुगृहे काढली. ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची. आज आपल्या तालुक्यात वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणारी आई आपले मूल कोठे ठेवते, याचा विचार करणारे किती निघतील?

आता वसतिगृहांकडे येतो. हा विषय आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याचा असल्याने येथे जरा रेंगाळणार आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

1896 साली कोल्हापुरात राजाराम कॉलेजास जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. हेतू उदात्त होता, पण थोड्याच काळात असे दिसून आले की तेथे एकाच जातीची मुले राहतात. खेड्यातील इतरांची मुले तिकडे फिरकत नाहीत. पंगतीचे नियम, सोवळेओवळे, शहरी मुलांचा वरचष्मा, अशी त्याची अनेक कारणे. महाराजांनी त्यावर रागावून ते बंद केले नाही. त्यांनी निराळा मार्ग काढला. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी आपले वसतिगृह काढावे, त्याचा कारभार आपण पाहावा, वर्गणी आपण गोळा करावी. जागा, इमारत आणि उत्पन्न यांस संस्थान हातभार लावील. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. 1906 साली मुस्लिम बोर्डिंग, 1907 साली लिंगायत समाजाचे, आणि 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, सारस्वत, कायस्थ प्रभू, वैश्य, ढोर-चांभार, ख्रिस्ती अशी एकामागून एक वसतिगृहे निघत गेली. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच.

काही विद्वान यावर आक्षेप घेतात. जातीचे वसतिगृह काढून जात मोडत नाही, ती अधिक घट्ट होते, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना तर तो विसरता कामाच नये. परंतु महाराजांच्या बाबतीत हे लक्षात ठेवले पाहिजे की ज्या राजाने वसतिगृहे जातवार काढली, त्यानेच शाळा जातवार असू नयेत असे ठरविले, अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून मुले एकत्र बसविली, आणि आंतरजातीय विवाहास कायद्याचा आधार दिला. वसतिगृह ही त्यांच्या लेखी पायरी होती. खेड्यातील भित्र्या मुलाने शहरात पहिली रात्र कोठे काढावी, एवढ्यापुरती ती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सर्वांच्या शाळेत जावयाचा होता.

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत जो वाद झाला तो सभासदांस आठवत असेल. जमलेल्या निधीतून लग्नकार्यासाठी सभागृह बांधावे, की पालघरास अगर मुंबईस शिकणाऱ्या मुलामुलींसाठी चार खोल्या घ्याव्यात, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणे चालले आणि निर्णय पुढील सभेवर ढकलला गेला. सभागृहाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. सभागृहाचे भाडे येते, मंडळास उत्पन्न होते. खोल्यांचे भाडे उलट आपणच भरावे लागते. मी त्या रात्री काही बोललो नाही. बोलावयास हवे होते. काही वर्षांपूर्वी कोल्हापुरास गेलो असता मी दसरा चौकात तासभर उभा होतो. चौकाच्या आसपास निरनिराळ्या समाजांच्या बोर्डिंगांच्या इमारती आहेत; महाराजांनी त्यांस शहराच्या कडेस कोठेतरी हाकलले नाही, भर वस्तीत, मोलाच्या जागेवर बसविले. त्या जागा राजाने व्यापाऱ्यांस विकल्या असत्या तर खजिन्यात किती भर पडली असती, असा हिशेब माझ्या मनात आला. मास्तराचा हिशेब, त्यास फारशी किंमत नाही. परंतु त्या बोर्डिंगांतून शिकून निघालेली मुलेच पुढे वकील, मामलेदार, इंजिनिअर आणि कारखान्यांचे चालक झाली, हेही खरेच आहे.

1902 साली महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले. त्याच प्रवासात केंब्रिज विद्यापीठाने त्यांस एल्‌एल्‌. डी. ही पदवी दिली. ते तिकडे असतानाच 26 जुलै 1902 रोजी संस्थानात तो प्रसिद्ध हुकूम निघाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतील लोकांकडून भराव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सारे यात आले. हा हुकूम न्यायाचा होता हे तर सर्वच सांगतात. मला त्यातील व्यवहारही दिसतो. शिकलेल्या मुलास नोकरी नाही असे झाले तर पुढचा बाप आपल्या मुलास शाळेत कशाला घालील? शाळा, बोर्डिंग आणि नोकरी ही साखळी एका ठिकाणी तुटली की सगळीच निरुपयोगी होते.

आता पाणी. कोल्हापूर संस्थानात पाऊस खूप पडे, पण तो पंचगंगेतून वाहून जाई आणि उन्हाळ्यात ऊस वाळे. आपल्या तालुक्याची कथा याहून निराळी नाही. चार महिने धो धो पाऊस आणि मार्च उजाडला की पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन निघतात. 1902 च्या सुमारास महाराजांनी पाटबंधाऱ्यांविषयी संस्थानाचे धोरण आखले, गावोगावच्या विहिरी आणि तलावांची पाहणी करविली. सर्वांत मोठे काम भोगावती नदीवरचे. सह्याद्रीच्या कुशीत फेजिवडे गावाजवळ धरण बांधण्याचे ठरले. शेजारी नवी पेठ वसविली तिला आपल्या कन्येचे नाव देऊन राधानगरी म्हटले, आणि जलाशयास महाराणी लक्ष्मीबाई तलाव असे नाव दिले. दाजीराव विचारे या एतद्देशीय इंजिनिअराच्या हाती ते काम सोपविण्यात आले. एका लहान संस्थानाने आपल्या खजिन्यातून एवढे धरण बांधावयास घ्यावे हे त्या काळी धाडसच होते.

ते धाडस महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई झाली, पैसा अपुरा पडला आणि 1918 च्या सुमारास भिंत सुमारे चाळीस फुटांपर्यंत येऊन काम थांबले. चरित्रकार या गोष्टीवरून पुष्कळदा घाईने पुढे जातात. मला ती महत्त्वाची वाटते. अर्धी भिंतही व्यर्थ गेली नाही, तिच्यामागे पाणी साठू लागले. आणि पाया भक्कम असल्यामुळे पुढच्या लोकांस त्यावर चढता आले. धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर, 1950 नंतरच्या दशकात. आठ टीएमसीहून थोडे अधिक पाणी त्यात मावते. त्याचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीस पोहोचले की आपोआप उघडतात, आणि दर पावसाळ्यात राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते ती वाचून पंचगंगेकाठची गावे सावध होतात. त्या पाण्यावर नदीकाठी ऊस उभा राहिला, उसामागे गुऱ्हाळे आणि साखर कारखाने आले. आपल्याकडील ओढ्यांवर केटी बंधारे बांधतात, त्यांतील के म्हणजे कोल्हापूर होय, हे कितीजणांस ठाऊक आहे? फळ्या घालून पाणी अडविण्याची आणि पावसाळ्यात फळ्या काढून घेण्याची ती पद्धत तिकडचीच.

27 सप्टेंबर 1906 रोजी शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची स्थापना झाली. त्यामुळे शहरातील शेकडो हातांस काम मिळाले. ज्या शहरास केवळ देवस्थान आणि राजवाडा यांच्यावर जगणे माहीत होते, त्यास भोंग्यावर उठणारा कामगार मिळाला. पुढे कोल्हापुरात जो यंत्रांचा आणि ओतकामाचा धंदा फोफावला, शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिनांपासून नाना प्रकारचे सुटे भाग होऊ लागले, तो महाराजांच्या नंतरचा. त्याचे श्रेय त्या कारागिरांचे आहे, राजाचे नव्हे. परंतु यंत्राविषयीचा बुजरेपणा त्या शहरातून लवकर गेला, यास गिरणी थोडीबहुत कारण असावी असे मला वाटते. सदर गिरणी 2003 साली बंद पडली. तिच्या भिंती मात्र राहिल्या. 2022 साली महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे कार्यक्रम त्याच जागेत झाले आणि हजारो माणसे तेथे येऊन गेली.

गिरणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या डहाणू तालुक्यावर 1991 पासून पर्यावरणाच्या दृष्टीने उद्योगांवर निर्बंध आहेत. त्यामुळे बागा वाचल्या असे काही म्हणतात, पोरांना काम मिळाले नाही असे दुसरे म्हणतात, आणि दोन्ही म्हणणारे आपल्याच ज्ञातीत, कधी कधी एकाच घरात, सापडतात. आता 2024 च्या ऑगस्टात वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे. मासेमारी करणाऱ्यांची भीती खरी आहे आणि तरुणांची आशाही खरी आहे. या वादात निकाल देण्याची माझी योग्यता नाही. मी फक्त एवढेच सुचवितो की आपण जयसिंगपूरची हकीकत वाचावी.

मिरज-कोल्हापूर रेल्वेवर शिरोळ रोड नावाचे स्टेशन होते. आजूबाजूचा मुलूख सुपीक. तंबाखू, भुईमूग पिके. पण जवळची मोठी पेठ म्हणजे सांगली, आणि ती दुसऱ्या संस्थानात. कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा माल परक्या पेठेत जाई. 1917 साली महाराजांनी या स्टेशनाजवळच्या माळावर नवे गाव वसविले आणि वडिलांचे नाव देऊन त्यास जयसिंगपूर म्हटले. कागदावर रेघा ओढाव्यात तसे सरळ, रुंद रस्ते. एकमेकांस काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. त्यांस नावे न देता क्रमांक दिले. आजही तेथील माणूस आपला पत्ता गल्लीच्या क्रमांकाने सांगतो. आधी रस्ता आखला, मग दुकान बांधले, आणि माणसे येतील तसतसे गाव भरत गेले. आपल्याकडे याच्या नेमके उलट होते. आधी दुकान, मग त्यापुढे पायरी, पायरीपुढे छप्पर, आणि मग रस्ता कोठे गेला म्हणून ग्रामसभेत आरडाओरड. असो.

याशिवाय लहानमोठे उद्योग पुष्कळ. पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग त्यांनी केले; ते फारसे टिकले नाहीत. 1912-13 च्या सुमारास संस्थानात सहकारी पतपेढ्यांस कायद्याची चौकट मिळाली. 1912 साली खासबागेत कुस्तीचे भव्य मैदान तयार झाले, 1915 साली त्याला लागून पॅलेस थिएटर उभे राहिले. कोणी म्हणेल की हे तर राजाचे शौक. पण पहिलवान आला की तालमी आल्या, दूध-तूप-बदामाचा व्यापार आला. नाटक कंपनी आली की पडदे रंगविणारे, पोशाख शिवणारे, सुतार आले. बाबूराव पेंटरांसारखा पडदे रंगविणारा कलावंत पुढे याच शहरात चित्रपट काढू लागला आणि कोल्हापूर मराठी चित्रपटाचे माहेरघर झाले. ते थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाऊ लागले. 8 ऑगस्ट 2024 रोजी त्यास आग लागली तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले.

आता एक लहानसे दुकान. मोठ्या धरणापेक्षा आणि गिरणीपेक्षा मला ते अधिक आठवते.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत चाकरीस होते. एकदा महाराज बाहेरगावी असताना गंगारामांनी इतरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्यास हात लावला, म्हणून त्यांस पागेतील लोकांनी बेदम मारले. महाराज परतल्यावर गंगाराम त्यांच्यासमोर गेले व पाठीवरचे वळ दाखविले. महाराज संतापले, मारणाऱ्यांस शिक्षा केली. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांस चाकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढण्यास सांगितले आणि भांडवल दिले. गंगारामांनी भर रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम, पण गिऱ्हाईक येईना. येणार कसे? अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यावयाचा कोणी? तेव्हा महाराज फेरफटक्यास निघाले की आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवीत, चहा मागवीत, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजीत. राजाने घेतल्यावर इतरांनी नाही कसे म्हणावे? पुढे सोडावॉटर करण्याचे यंत्रही त्यांनी गंगारामांस घेऊन दिले असे सांगतात.

भांडवल देणारे राजे पुष्कळ झाले असतील. बक्षीस देऊन निरोप देणे सोपे असते. परंतु दुकान भांडवलावर चालत नाही, गिऱ्हाइकावर चालते, आणि जेथे जातीमुळे गिऱ्हाईक येत नाही तेथे राजाने स्वतः गिऱ्हाईक व्हावे लागते, हे ज्याने ओळखले तो मला बाजारपेठेचा खरा जाणकार वाटतो. आपल्या गावच्या बाजारात आदिवासी बाई भाजीची टोपली घेऊन बसते तेव्हा आपण तिच्याशी दोन रुपयांसाठी किती घासाघीस करतो आणि शेजारच्या पक्क्या दुकानात मात्र मुकाट्याने छापील भाव देतो, याची मला लिहिताना लाज वाटते. मीही त्यातलाच.

शेवटच्या चार-पाच वर्षांत महाराजांच्या कामास वेग आला. 1917 साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. आम्हा मास्तर लोकांच्या दृष्टीने हाच त्यांचा सर्वांत मोठा उपकार. 1918 साली महार वतनाची पद्धत रद्द केली, आणि लगोलग वेठबिगार बंद केली. वेठ म्हणजे काय हे आपल्या भागातील वृद्धांस सांगावे लागत नाही. कोल्हापुरात राजाने हुकमाने वेठ बंद केली त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, 1945 साली, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो वारली बंधू जमले आणि त्यांनी जमीनदारांची वेठ करण्याचे नाकारले. गवत आणि लाकूड यांवर आपल्याकडच्या अनेक पेढ्या भरभराटीस आल्या. ते गवत कापणाऱ्यास काय मिळत होते हे त्या पेढ्यांच्या वह्यांत लिहिलेले नसे. त्या काळच्या सधन घरांत आपल्या ज्ञातीचीही काही घरे असतील. स्मरणिकेत हे लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला, आणि लिहावे असे ठरविले.

1919 साली कानपूर येथे कुर्मी क्षत्रिय समाजाच्या परिषदेत महाराजांस राजर्षी ही पदवी देण्यात आली. ही पदवी कोणा विद्यापीठाने किंवा सरकारने दिलेली नाही. आपल्यासारख्याच एका ज्ञातिसभेने दिलेली आहे, याची नोंद वाचकांनी घ्यावी. 1920 च्या मार्चमध्ये माणगाव येथे अस्पृश्यांच्या परिषदेस महाराज उपस्थित राहिले आणि तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नेतृत्व त्यांनी जाहीरपणे गौरविले.

महाराजांवर टीका करणारे तेव्हाही होते. इंग्रज सरकारशी त्यांनी जुळवून घेतले, राष्ट्रीय चळवळीपासून ते दूर राहिले, असा आरोप त्यांच्यावर झाला, आणि वेदोक्ताच्या वादात पुण्याची वर्तमानपत्रे त्यांच्यावर तुटून पडली. त्या वादाच्या तपशिलात मी शिरत नाही. एवढे मात्र खरे की संस्थानिकास इंग्रजांच्या मर्जीबाहेर जाता येत नव्हते, आणि जे थोडे हाती होते त्यातून पेठ, पाणी आणि शाळा काढणारे संस्थानिक बडोद्याच्या सयाजीरावांसारखे मोजकेच निघाले.

अतिश्रमाने प्रकृती ढासळली होती. 6 मे 1922 रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. राज्य केले ते अठ्ठावीस वर्षे. धरण अर्धे होते, जयसिंगपूरच्या गल्ल्या पुष्कळशा रिकाम्या होत्या. त्यांच्यामागे राजाराम महाराज गादीवर आले, त्यांनी हाती घेतलेली कामे पुढे चालविली, आणि 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

महाराजांचे पहिले स्मारक कोणी उभारले असेल? सरदारांनी नव्हे, शाहूपुरीच्या गूळ-व्यापाऱ्यांनीही नव्हे. 1925 साली कोल्हापूरच्या नर्सरी बागेत ते उभे राहिले, आणि त्यासाठी पुढाकार घेऊन आपल्या बांधवांकडून वर्गणी जमा करणारे गृहस्थ म्हणजे चहाचे हॉटेल चालविणारे गंगाराम कांबळे.